एक्केचाळीस चुका

ऑगस्ट आला की आमच्या गावातले सोफे रस्त्यावर येतात. विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटचं जुनं लीज एका तारखेला संपतं, नवं आठ-दहा दिवसांनी सुरू होतं, आणि मधल्या दिवसांत अर्धं गाव बेघर असतं. फूटपाथवर सोफे, गाद्या, टेबलफॅन, एका पायाने लंगडणारं टेबल आणि त्यावर ‘फ्री’ लिहिलेला पुठ्ठा. उन्हात तापलेल्या फोमचा वास सगळ्या गल्लीत भरून राहतो. गावाचं नावच स्टेट कॉलेज. सांगलीच्या माझ्या मैत्रिणीला अजून वाटतं, मी पेनसिल्व्हेनियात होस्टेलवर राहते.

बावीस वर्षं मी या गावात राहते आणि विद्यापीठातल्या एका इमारतीची स्टोअररूम सांभाळते. बीकर, ॲसिड, हातमोजे, अपघात झाला तर डोळे धुवायचे नळ. कुठे काय आहे आणि कुठे काय संपलंय हे बघणं माझं काम. घरीही वेगळं काही नाही. ऑगस्टची यादी जुलैच्या शेवटी फ्रिजवर लागते. गाद्या उन्हात घालणे, जास्तीच्या उशा, कुकरची रिंग, सिमकार्ड, बसचं वेळापत्रक. कारण त्या मधल्या दिवसांत महाराष्ट्रातून नव्याने आलेली दोन-तीन मुलंमुली आमच्या बेसमेंटमध्ये उतरतात. देशी दुकान गावात एकच आहे आणि तिथल्या मिरच्या संपल्या की आठवडाभर मिरच्या नसतात. कोणीतरी सोय बघायला हवी. मी बघते.

यंदाचीही यादी लागली. आणि काल जुन्या मुलांपैकी अनिकेतचा मेसेज आला: “काकू, संडेला मॉक ठेवायचं ना? नवीन बॅच आलीय. धमाल येईल यार.”

‘धमाल’ वाचलं आणि मी फोन पालथा घातला. मग कणीक मळली. गरजेच्या दुप्पट मळली.

मॉक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ती माझीच कल्पना. इथे पीएचडीला आलेल्या बहुतेकांना शिक्षण चालू ठेवायचं तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या अमेरिकन मुलांना शिकवावं लागतं. परदेशातून आलेल्यांची त्याआधी बोलण्याची परीक्षा होते. तिघं समोर बसतात. तुम्ही फळ्यापाशी उभं राहून दहा मिनिटं आपल्या विषयातलं काहीतरी इंग्रजीत समजावून सांगायचं आणि मग प्रश्नांची उत्तरं द्यायची. पास झालात तर वर्ग मिळतो. नाही झालात तर एक सत्र इंग्रजीचा क्लास आणि डिसेंबरात पुन्हा परीक्षा. तेव्हाही जमलं नाही तर असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याबद्दल मिळणारा पगार आणि फीमाफी, जाते, आणि ती गेली की बहुतेकांना सामान बांधावं लागतं. तर या परीक्षेची रंगीत तालीम आमच्या दिवाणखान्यात व्हायची, आधीच्या रविवारी, जेवणं झाल्यावर. जुनी मुलं परीक्षक, नवी मुलं फळ्यापाशी. फळासुद्धा मी आणलेला, असाच एका सोफ्याशेजारी ‘फ्री’मध्ये पडला होता. आपण केवढं उपयोगी काम करतो, असं मला वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात सुप्रिया आली. परभणीची, मृदाशास्त्रात पीएचडी करायला. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे कॉलेजात पुस्तकं इंग्रजीत आणि बोलणं मराठीत, म्हणजे जसं बहुतेकांचं असतं तसंच. पहिल्या दिवशी सकाळी सातला मी चहा टाकला आणि खिडकीतून बघते तर ही परसात टोमॅटोच्या वाफ्याशी उकिडवी बसलेली.

“काय करायलात काकू ह्या टोमॅटोंना? पाणी लई घालायलात. मुळं गुदमरायलीत बघा.”

“अगं, यूट्यूबवर रोज घाला म्हणतात.”

“यूट्यूबनं तुमची माती बघितली का?”

तिने मूठभर माती उचलली, होजमधून चार थेंब पाणी घेतलं आणि कणकेसारखी मळायला लागली. मग मूठ वळून अंगठ्याने माती पुढे ढकलत तिची पट्टी काढली. पट्टी हळूहळू लांब होत गेली, वाकली आणि तुटली. तुटेपर्यंत जितकी लांब, तितकी माती चिकण. यंत्र नाही, काही नाही. “आमच्याकडच्या काळीची याच्यापेक्षा लांब निघते काकू. पण ही पण काय कमी नाही. रंगानं लाल दिसायली, गुणानं आमच्या काळीची मावसबहीण.”

त्या आठवड्यात घरात नुसतं बोलणं होतं. तिच्या गाइडची नक्कल, विमानात शेजारी बसलेल्या आजोबांची नक्कल, माती आणायची होती पण कस्टमवाले घेऊ देत नाहीत त्याचं दुःख. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात तिची चप्पल कशी गेली आणि पावसानंतर जमीन मिटल्यावर कशी कायमची आतच राहिली, ती गोष्ट तिने तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा आम्ही हसलो. माझा नवरा जेवताना फोनमधून डोकं वर काढत नाही. त्याने फोन पालथा ठेवला.

मग शेजारची डोना आली. ऑगस्टात इथे सगळ्यांच्या परसात झुकिनी, काकडीसारखी दिसणारी भाजी, माजते आणि लोक ती एकमेकांच्या दारात सोडून पळतात. डोना पळत नाही, आत येऊन बसते. सुप्रिया काहीतरी सांगत होती, ती अर्ध्या वाक्यात थांबली.

“हाय हनी! हाउ आर यू लायकिंग इट हिअर?” डोनाने विचारलं.

सुप्रियाच्या गळ्यापासून लाली वर चढली, कानांपर्यंत. ती हसली, टेबलावरच्या झुकिनी उचलल्या आणि सिंकपाशी जाऊन धुवायला लागली. डोना जाईपर्यंत धूत राहिली. मग म्हणाली, “काकू, मला सगळं कळलं होतं. उत्तर पण तयार होतं. गळ्यापर्यंत आलं आणि तिच्या तोंडाकडं बघून परत खाली गेलं.”

मी काय म्हणाले? व्यवस्थित बाई काय म्हणेल तेच. “प्रॅक्टिस लागते गं. करून टाकू आपण.”

करून टाकू. जसं काही ते बँकेत खातं उघडणं होतं.

त्या रविवारी दहा-बारा जण होते. अनिकेत तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. पुण्याचा, इंग्रजी शाळेतला, मनाने चांगला. आमच्या सगळ्या गाद्या दरवर्षी तोच उचलून बेसमेंटमध्ये नेतो. जेवायला बसायच्या आधी माझी मुलगी ईशा, तेव्हा चौदा वर्षांची, जिन्यावरून ओरडली, “आई, मला खूप भूक आली!” सगळे विरघळले. “अगं किती गोड!” “काकू, शी स्पीक्स सो वेल!” अनिकेत म्हणाला, “काकू, हिची रील काढा, व्हायरल होईल.” ईशाने अजून दोन मोडकी वाक्यं टाकली आणि अजून कौतुक मिळवलं. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

जेवणानंतर सुप्रिया फळ्यापाशी उभी राहिली. विषय होता मातीतलं पाणी. तिने मातीचे थर इतके सुरेख काढले की भूगोलाच्या पुस्तकात छापावेत. मग वळली आणि जमिनीशी बोलायला लागली.

अनिकेतने टोपी उलटी घातली होती, पाय टीपॉयवर, अमेरिकन विद्यार्थी झाला होता. “स्पीक अप, मॅम! वी आर नॉट प्लँट्स!”

सगळे हसले. सुप्रियाही हसली. त्या हसण्याचा मी पुरावा म्हणून उपयोग केला की सगळं ठीक आहे.

तिने पुन्हा सुरू केलं. अनिकेतने हात वर केला. “सॉरी, व्हॉट?” तिने वाक्य परत म्हटलं. “सॉरी?” तिने परत म्हटलं, आता अजून हळू. “सॉरी?” कोणीतरी सोफ्यावर लोळून हसत होतं. मार्कर तिच्या हातात तसाच होता, टोपण न लावलेला, आणि तिच्या तळव्यावर निळा डाग पसरत होता.

मीही हसले. हे लिहायला हवं. मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, पॅड मांडीवर घेऊन, आणि हसता हसता लिहीत होते. प्रत्येक चूक. दहा मिनिटांत एक्केचाळीस.

संध्याकाळी मी त्यांची सुबक प्रत केली. डावीकडे चुकीचं, उजवीकडे बरोबर, तीन गटांत. दीपगृहाचं चित्र असलेल्या चुंबकाखाली फ्रिजवर लावली. “रोज दहा घे,” मी म्हणाले, “चार दिवसांत संपतील.”

तिने उभ्याने सगळी यादी वाचली, वरून खालपर्यंत. “थँक्यू, काकू,” म्हणाली.

तिने माझ्यासमोर उच्चारलेलं ते शेवटचं इंग्रजी.

दुसऱ्या दिवशी ती टोमॅटोपाशी गेली नाही. चहा घेणार? हो. झोप लागली? हो. आईचा फोन आला होता? हो. इंग्रजी तर गेलंच, त्याने जाताना तिची मराठीही नेली. चप्पल गिळणारी काळी माती, गाइडची नक्कल, सगळं मिटून गेलं. माझ्या नवऱ्याने फोन पुन्हा हातात घेतला. मी मात्र खूश होते, कारण यादीतल्या पहिल्या दहा ओळींवर तिने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या.

मला ही माझ्याच घरातली गोष्ट कशी ओळखू आली नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मी होस्टेलवर होते तेव्हा माझे थोरले काका म्हणाले होते, मला पत्रं इंग्रजीत लिहीत जा, सुधारेल. मी लिहायची. ते ती लाल शाईने तपासून परत पाठवायचे. उत्तर नाही, तेच पत्र, तपासलेलं. एकदा मी लिहिलं होतं की चार दिवस ताप आहे, मेसचं जेवण जात नाही, घरी यावंसं वाटतं. आठवड्याने पत्र परत आलं. सात लाल खुणा. तापाबद्दल एक अक्षर नाही. काका प्रेमळ होते. मला भेटायला यायचे तर पेरू घेऊन यायचे. पण इंग्रजीत लिहिलेलं पत्र वाचायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे इंग्रजी बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. तपासतात. शाळेत तपासतात, लग्न जमवताना तपासतात, सासरी तपासतात, आणि हजारो मैल लांब येऊन गाद्या-उशांची प्रेमाने सोय करतात आणि तिथेही तपासतात. ज्यांना आयुष्यभर तपासलं गेलं ते सगळ्यात कडक तपासनीस होतात.

परीक्षा गुरुवारी होती. मी तिला गाडीने सोडलं आणि एल्मच्या झाडांखाली बाकावर बसले. पंधरा मिनिटांत ती बाहेर आली. गाडीत बसली, पट्टा लावला. मी काही विचारलं नाही, एवढी अक्कल तरी होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तीच बोलली. थर काढले, वर शीर्षक लिहिलं, वळले. माणसं चांगली होती, हसून बघत होती.

“मग?”

“काकू, त्यांच्या हातात पेन होते.”

बस. एवढंच म्हणाली. मी गाडी चालवत राहिले. माझ्या पर्समध्ये पॅड होतं, आणि मला ते खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं. फेकलं नाही. त्यात त्या आठवड्याची वाणसामानाची यादी होती.

निकाल सभ्य भाषेत आला. या सत्रात वर्ग नाही, इंग्रजीचा क्लास, डिसेंबरात पुन्हा. खाली शेऱ्यात आत्मविश्वास कमी असल्याचं लिहिलं होतं. तो शब्द वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने बोलले. कमी? एक आठवडाभर माझ्या घरात ही मुलगी डझनभर माणसांना पोट धरून हसवत होती. तो आत्मविश्वास होता. भरपूर होता. आम्ही रविवारी जेवणानंतर बसून तो संपवला आणि वरून आइस्क्रीम खाल्लं.

गणपतीत मंडळाच्या जेवणाला एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ती परभणीची मुलगी म्हणे नापास झाली. एवढी हुशार आणि बोलता येत नाही? मग इथे आली कशी?” या बाई पंचवीस वर्षं अमेरिकेत आहेत आणि डॉक्टरकडे फोन करायचा असला की नवऱ्याला ऑफिसातून फोन करायला लावतात. मी म्हटलं, “तुम्ही आलात तशीच.” त्यानंतर त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. तो महिना चांगला गेला.

पण त्यांच्यावर कशाला चिडायचं? मी स्वतः काय होते? शिकायला आले तेव्हा ओहायोतल्या एका गावात दोन वर्षं मी रोज दुपारी अंड्याचं सँडविच खाल्लं. मला अंडं आवडत नाही. पण बाकीची सँडविच काउंटरवर बोलून घ्यावी लागत. ब्रेड कुठला, चीज कुठलं, टोस्ट करू का, आणि मागे रांग. अंड्याचं फ्रिजमध्ये तयार असायचं, उचलायचं आणि पैसे द्यायचे, तोंड उघडावं लागायचं नाही. दोन वर्षांत एकाही वर्गात मी एकही प्रश्न विचारला नाही. फोन करायचा असला की आधी सगळी वाक्यं कागदावर लिहायची: हॅलोपासून थँक्यूपर्यंत, ते काय म्हणतील तेही, मग मी काय म्हणेन तेही. आजही विमा कंपनीला फोन करायच्या आधी मी चार ओळी लिहून घेते. लोक म्हणतात, मंजिरीताई किती व्यवस्थित, तिच्याकडे सगळ्याची यादी असते. माझ्या याद्या तिथून सुरू झाल्या. मी माझी भीती व्यवस्थित घड्या घालून ठेवायला शिकले, आणि मग तीच घडी त्या मुलीच्या हातात दिली, मदत म्हणून.

सप्टेंबरात सुप्रिया दोन मुलींबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायला गेली. दिवसा ती आमच्याच इमारतीत मातीचे नमुने चाळायची, बाटल्या धुवायची. जिन्यात भेटलो की “बरंय ना काकू?” एवढंच. ऑक्टोबरात ईशाला शाळेत मातीवर प्रोजेक्ट मिळालं आणि तिने मला न विचारताच सुप्रियाला मेसेज करून शनिवारी बोलावलं.

दोघी परसात बसल्या होत्या. मेपलची पानं वाफ्यात पडली होती, टोमॅटोचे वेल काळे पडले होते. थंडीमुळे माझी खिडकी बंद होती, दुहेरी काच, आवाज येत नव्हता. ईशाच्या हातात मातीची पट्टी होती आणि ती सारखी तुटत होती. सुप्रिया बोलत होती. हात, भुवया, मान, सगळं बोलत होतं, पहिल्या आठवड्यासारखं. ईशाला ‘भूक आली’च्या पुढचं मराठी येत नाही, म्हणजे ते सगळं इंग्रजीत चाललं होतं. ईशा काहीतरी म्हणाली आणि दोघी मागे कलंडून हसल्या.

मला ऐकायचं होतं. मी खिडकीची कडी काढली. काच बोटभर वर गेली आणि सुप्रियाने माझ्याकडे बघितलं. ओठ थांबले. भरल्या घरात दिवा जावा तसं झालं.

मी काच खाली ओढली.

ती गेल्यावर ईशा पाणी प्यायला आत आली. फ्रिजवर तो कागद अजून होता. दोन महिने मी रोज त्याच्यासमोरून दूध काढत होते. ईशाने बोट ठेवलं.

“मॉम, यू नो दॅट्स मीन, राइट?”

“मदत केली होती मी तिला.”

“यू नेव्हर मेक मी अ लिस्ट. माय मराठी इज टेरिबल. एव्हरीबडी जस्ट गोज, ऑ, हाउ क्यूट.”

माझ्या मुलीची मोडकी मराठी गोड, कारण ती अमेरिकन आहे आणि तिने एवढे कष्ट घेतले म्हणून आम्ही उपकृत. परभणीच्या मुलीचं मोडकं इंग्रजी हास्यास्पद, कारण तिने अजून कष्ट घ्यायला हवे होते. एकाच टेबलावर, एकाच दुपारी, त्याच माणसांनी एकीला टाळ्या दिल्या आणि एकीला यादी. आणि मॉकच्या दिवशी जेवणात काय काय होतं ते मला आजही सांगता येईल, कारण ते मी लिहून ठेवलं होतं. हे मात्र एका चौदा वर्षांच्या मुलीला दिसलं आणि मला नाही.

मी कागद काढला. फाडला नाही, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. पुरावा असावा जवळ.

डिसेंबरातल्या परीक्षेला उमेदवाराने एक-दोन माणसं विद्यार्थी म्हणून आणलेली चालतात असं कळलं. मी तारीख विचारली, रजा टाकते म्हणाले. सुप्रिया स्टोअररूमच्या दारात उभी होती, हातात मोकळ्या बाटल्यांचा ट्रे.

“काकू, राग मानू नका,” ती म्हणाली. “तुम्ही येऊ नका.”

“बरं.”

“ईशाला नेऊ का?”

“ने की.”

ट्रेमधल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. आणि हे वाक्य तर तिने मराठीत म्हटलं होतं. माझ्यासारख्या बाईला ‘येऊ नका’ म्हणणं तिला त्या तिघांसमोर बोलण्याहून कठीण गेलं असेल. तेवढं केलं म्हणजे पुढचं होईल, असं मला तेव्हा वाटलं. बोलले नाही. पहिल्यांदा मला सुचलेलं मी बोलले नाही.

ती पास झाली. ईशा बर्फाचे बूट दारात झटकत म्हणाली, “शी वॉज फनी, मॉम. लाइक, ॲक्चुअली फनी. शी मेड द बिग एक्झॅमिनर प्ले विथ मड.”

“घाबरली नाही?”

“शी वॉज टेरिफाइड. शी जस्ट केप्ट टॉकिंग.”

भीती गेली नव्हती. भीतीला बरोबर घेऊन ती बोलत राहिली. ते कसं दिसलं, कसं ऐकू आलं, हे मला माझ्या मुलीने सांगितलं म्हणून माहीत.

याला तीन वर्षं होतील. सुप्रिया आमच्याकडे दिवाळीला येते, संक्रांतीला येते, माझ्या टोमॅटोंना नावं ठेवते, चप्पल गिळणाऱ्या मातीची गोष्ट नव्या मुलांना सांगते. सगळं मराठीत. डोना आली की अजूनही कुठलं तरी भांडं धुवायला आत जाते. मला वाटायचं, तिला अजून डोनाची भीती वाटते. मग मागच्या उन्हाळ्यात डोनानेच मला कुंपणापाशी गाठून सांगितलं, तुमची ती मुलगी भाजीबाजारात भेटली होती, अर्धा तास खतावर बोलली, देवा, किती बोलते ती! म्हणजे डोनाची भीती नाही. मी बाजूला असले की तिचं इंग्रजी थांबतं.

काल कणीक मळून झाल्यावर मी अनिकेतला फोन केला.

“मॉक नाही,” म्हटलं. “या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही.”

“का काकू? सगळ्यांना हेल्प होते ना यार.”

“कोणाला झाली? नाव सांग.”

“मला झाली.”

“तुला येतच होतं.”

“सुप्रियाला झालीच की. पास झाली ती.”

“आपण असूनसुद्धा झाली.”

मग तो म्हणाला, आता त्याच्या बोलण्यात यार नव्हतं, “काकू, आपण काय वाईट वागलो का तिच्याशी?”

“हो.”

“मी मस्करी करत होतो.”

“मी यादी करत होते. तुझं तरी लोक विसरतात. माझं फ्रिजवर होतं.”

रविवारी नुसतं जेवण आहे. तो फळा मी आज सकाळी फूटपाथवर नेऊन ठेवला, एका निळ्या सोफ्याशेजारी, ‘फ्री’ची चिठ्ठी लावून. दुपारपर्यंत कोणीतरी नेला. नेणाऱ्याचं भलं होवो.

आणि आता आजची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. सत्र सुरू व्हायच्या आधी मला इमारतीतले डोळे धुवायचे नळ तपासावे लागतात. क्लिपबोर्ड घ्यायचा, प्रत्येक नळ सोडून बघायचा, कागदावर चौकोनात खूण करायची. दुपारी दुसऱ्या मजल्यावर पोचले. कोपऱ्यातल्या लॅबचं दार लावलेलं होतं. उन्हाळी वर्गाचा शेवटचा तास चालू होता. आतून आवाज आला.

“नो, नो, डोन्ट आस्क मी. आस्क द सॉइल. गिव्ह लिटल वॉटर. नाऊ वेट. शी इज थिंकिंग.”

वर्ग हसला. तिच्याबरोबर हसला, तिला नाही; त्यातला फरक आता मला कळतो. कोणीतरी मुलगा म्हणाला, माझी तुटली. ती म्हणाली, तुझी तुटली कारण तू घाई केलीस, माझ्या गावात घाई करणाऱ्याची चप्पल जाते, आणि मग ती चपलेची गोष्ट सांगायला लागली. इंग्रजीत. मी मराठीत सात-आठदा ऐकलेली गोष्ट, आणि ती इंग्रजीत वेगळ्याच जागी हसू आणत होती.

दाराला काचेचा एक चौकोन आहे. मी त्याच्या बाजूला, भिंतीला चिकटून उभी राहिले, तिला दिसू नये म्हणून. तीन वर्षांनी मी तिचं इंग्रजी ऐकत होते. आणि माझ्या हातातलं पेन, माझ्या मनात काही नसताना, कागदाच्या कोपऱ्यावर टेकलं. दोन चुका मला ऐकू आल्या होत्या. ऐकू येणारच, कान तसेच घडलेत. मी पेनाचं टोपण लावलं आणि ते खिशात घातलं.

गोष्टीचा शेवट मी ऐकला. चप्पल मातीत गेली, वर्ग ओरडला, “नो वे!” आणि ती म्हणाली, “येस वे!”

त्या लॅबच्या आतही एक नळ आहे, खिडकीपाशी. माझ्या यादीत पुढचा तोच होता. आत गेले असते तर अर्ध्या मिनिटाचं काम. तिच्या त्या आवाजाला थांबवायलाही तेवढंच पुरलं असतं. मी तो चौकोन कोरा ठेवला आणि पावलांचा आवाज न करता जिना उतरले. तिथलं तपासायचं राहिलंय.